मुली लवकर वयात का येत आहेत?

(मंडळाच्या गणेशोत्सवात ऋषिपंचमीच्या संध्याकाळी झालेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे हा विषय वाचून बऱ्याच जणांच्या भुवया उंचावल्या असतील. माणूस सिग्नल खात्यातला, शिक्षण डिप्लोमा, आणि बोलणार मुलींच्या वयात येण्यावर! मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. औषध सांगणार नाही. पण मी पाचवीतल्या एका मुलीचा बाप आहे, आणि गेली दोन-तीन वर्षं कॉलनीत नि ऑफिसात एकच वाक्य वेगवेगळ्या तोंडून ऐकतो आहे : "अहो, आमची अजून तिसरीत आहे हो, आणि आत्ताच सुरुवात झाली म्हणे." बायका हे आपापसात हळू आवाजात बोलतात. पुरुष विषय बदलतात, क्रिकेटकडे वळतात. म्हणून या वर्षी एखाद्या पुरुषानेच उभं राहून बोलावं असं समितीनं ठरवलं, आणि माझ्यावर हे काम आलं. मिळेल ते वाचलं, ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं, आणि समजलं ते आपल्यापुढे ठेवतो.

विषय गणेशोत्सवात शोभेल का, अशी शंका एक-दोघांनी काढली. मंडळी, आज ऋषिपंचमी आहे. आजच्या व्रताची कहाणीच मुळी पाळीच्या विटाळाभोवती फिरते. आणि आपण बाप्पाला बसवतो ते मखर आठवा. जुन्या काळी मुलीला न्हाण आलं की तिलाही मखरात बसवत, ओटी भरत, गोडधोड करत. तेव्हा हा विषय आपल्या घराला परका नाही. फक्त मधल्या काळात आपण त्यावर बोलायचं सोडून दिलं.

मखरात बसवण्यामागे आनंद होता, पण त्याचा दुसरा अर्थही होता. मुलीचं लग्न आधीच झालेलं असे. न्हाण आलं म्हणजे आता तिला नवऱ्याच्या घरी धाडायचं. शरीरानं एक खूण दिली की बालपण संपलं, असा तो हिशेब होता. हा हिशेब बरोबर की चूक, यावर आपल्या मराठी मुलखात फार मोठं भांडण झालेलं आहे.

मुंबईच्या रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी लागलं. नवऱ्याकडे नांदायला जायला त्यांनी नकार दिला. १८८४ साली नवऱ्यानं मुंबई हायकोर्टात दावा लावला. १८८५ मध्ये पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूनं लागला, पण १८८७ मध्ये कोर्टानं सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन. शेवटी १८८८ मध्ये तडजोड झाली. पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, १८९४ मध्ये परत आल्या आणि सुरत-राजकोटला त्यांनी आयुष्यभर बायकांची सेवा केली.

दरम्यान कलकत्त्यात फुलमणी दासी नावाची दहा-अकरा वर्षांची विवाहित मुलगी नवऱ्याच्या बळजबरीनं मरण पावली. कायद्यात संमतीचं वय दहा होतं, ते १८९१ मध्ये बारा करण्यात आलं. तोच तो प्रसिद्ध संमतिवयाचा कायदा. पुण्यात त्यावर रण माजलं. डॉ. रा. गो. भांडारकरांनी शास्त्राचे आधार काढून कायद्याची बाजू मांडली. लोकमान्य टिळकांचा विरोध मुख्यतः परक्या सरकारनं आपल्या धर्मात हात घालण्याला होता. या वादात विरोधकांचा एक मुद्दा असा होता की, पहिल्या पाळीनंतर लगेच गर्भाधान संस्कार झाला पाहिजे, आणि काही मुलींना तर बाराच्या आधीच पाळी येते, मग त्यांचं काय? म्हणजे मुली कितव्या वर्षी वयात येतात, हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्यात अगदी हमरीतुमरीवर येऊन चर्चिला गेला होता.

त्या काळी साहेबलोकांचंही एक आवडतं मत होतं. हिंदुस्थान उष्ण देश, म्हणून इथल्या मुली लवकर पिकतात. मॉन्टेस्क्यू नावाच्या फ्रेंच पंडितानं तर १७४८ सालीच लिहून ठेवलं होतं की उष्ण मुलखातल्या मुली आठ-नऊ-दहाव्या वर्षी लग्नाला येतात. आजही दिल्लीच्या मे महिन्यात कुणी ना कुणी म्हणतंच, "गरमी की वजह से." हे मत किती पोकळ आहे ते थोड्या वेळानं सांगतो.

आधी आकडे पाहू. दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. मुलगी वयात यायला लागते ती छातीची वाढ सुरू होते तेव्हा. पाळी त्यानंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी येते. आपण दोन्हींची गल्लत करतो आणि उगाच घाबरतो किंवा उगाच निर्धास्त राहतो.

पाळीचं म्हणाल तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात उत्तर युरोपात ती सोळाच्या आसपास, काही ठिकाणी त्याहूनही उशिरा येत असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते वय तेरावर आलं. आपल्याकडे २००५ च्या एका मोठ्या देशव्यापी सर्वेक्षणावरून २०१४ मध्ये संशोधकांनी हिशेब मांडला. १९५५ ते १९६४ च्या आधी जन्मलेल्या स्त्रियांत पहिल्या पाळीचं सरासरी वय १३.८३ वर्षं होतं, तर १९८५ ते १९८९ मध्ये जन्मलेल्यांत १३.६२. म्हणजे दर दहा वर्षांना जवळजवळ एक महिना. गाडी वेळेआधी येते आहे, पण धडाडत नाही, हळूहळू.

मात्र पहिली खूण, म्हणजे छातीची वाढ, फार भरभर पुढे सरकली आहे. अमेरिकेत मार्शिया हर्मन-गिडन्स नावाच्या एक बाई फिजिशियन असोसिएट म्हणून काम करत होत्या. दवाखान्यात येणाऱ्या लहान लहान मुलींत हे बदल दिसतात, पुस्तकात तर वेगळंच लिहिलंय, असं त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी पाठपुरावा केला, आणि १९९७ मध्ये सतरा हजारांहून अधिक मुलींची पाहणी प्रसिद्ध झाली. गोऱ्या मुलींत सरासरी दहाच्या आसपास आणि कृष्णवर्णीय मुलींत नवाच्या आतच सुरुवात होत होती. कोपनहेगनमध्ये १९९१ च्या सुमारास हे वय १०.८८ होतं, २००६ च्या सुमारास ते ९.८६ झालं. पंधरा वर्षांत एक वर्ष! त्याच मुलींत पाळीचं वय मात्र १३.४२ वरून १३.१३ इतकंच उतरलं. २०२० मध्ये जगभरच्या पाहण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा १९७७ पासून दर दहा वर्षांना सुमारे तीन महिने असा या पहिल्या खुणेचा वेग निघाला. याचा अर्थ, वयात येण्याचा प्रवास लवकर सुरू होतो आणि जास्त वेळ चालतो.

आता आतली यंत्रणा. सहकारी मंडळींना समजेल अशा भाषेत सांगतो. मेंदूच्या तळाशी एक कंट्रोल ऑफिस आहे. तिथून थोड्या थोड्या वेळानं एक संदेश सुटतो, तो पिट्युटरी ग्रंथीकडे, म्हणजे आपल्या स्टेशन मास्तरकडे येतो. ती ग्रंथी बीजकोशांना हुकूम देते, आणि बीजकोश इस्ट्रोजेन तयार करतात. गंमत अशी की ही सगळी यंत्रणा जन्मापासून बसवलेली असते. बाळपणात काही महिने ती चालतेसुद्धा. मग मेंदू सिग्नल लाल करून ठेवतो, तो पुढं सात-आठ-नऊ वर्षं. तेव्हा खरा प्रश्न "गाडी कशानं सुटते" हा नाही, "लाल सिग्नल कशानं उतरतो" हा आहे.

इंटरलॉकिंगमध्ये सगळ्या अटी पुऱ्या झाल्याशिवाय सिग्नल उतरत नाही. इथंही तसंच दिसतं. एक अट म्हणजे शरीरात पुरेशी चरबी साठलेली असणं. मूल पोसायचं तर साठा हवा, असा निसर्गाचा हिशेब. १९९४ मध्ये लेप्टिन नावाचा हार्मोन सापडला. तो चरबीतून निघतो आणि मेंदूला सांगतो, कोठार भरलं आहे. कोठार लवकर भरलं की ही अट लवकर पुरी होते. उलट दुसऱ्या महायुद्धात अन्नाची टंचाई झाली तेव्हा युरोपात काही ठिकाणी पाळीचं वय पुन्हा वर गेलं होतं. जास्त पळणाऱ्या, नाचणाऱ्या, अंगावर मांस नसलेल्या मुलींना आजही उशिरा पाळी येते.

तेव्हा पहिलं कारण चांगलंच म्हणायचं. मुलींना पोटभर खायला मिळतं, जुलाब-तापात पूर्वीसारखं बालपण जात नाही. आपल्या आज्यांना चौदा-पंधराव्या वर्षी पाळी आली असेल, तर त्यात त्यांच्या ताटातल्या अर्ध्या भाकरीचाही वाटा होता. पण चांगल्याची सीमा ओलांडली की तेच कारण उलटतं. गोड पेयं, पाकिटातलं खाणं, दिवसभर बसणं, मैदान नाही, यानं लहान वयात वजन वाढतं आणि सिग्नल आणखी आधी उतरतो. आनुवंशिकताही आहेच. आई लवकर वयात आली असेल तर मुलगीही बहुधा येते. पण दोन-तीन पिढ्यांत जनुकं बदलत नाहीत, परिस्थिती बदलते.

आता त्या उष्ण हवामानाच्या गोष्टीकडे येऊ. १९९१ मध्ये स्वीडनमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. भारतातून दत्तक गेलेल्या १०७ मुली. बर्फाच्या देशात वाढलेल्या. स्वीडिश मुलींना पाळी येते सुमारे तेराव्या वर्षी, भारतातल्या सुखवस्तू घरांतल्या मुलींना साधारण साडेबाराच्या आसपास. या दत्तक मुलींचं मधलं वय निघालं ११.६ वर्षं, आणि सर्वांत लहान मुलगी फक्त ७.३ वर्षांची! उन्हाचा यात काही संबंध नाही. आयुष्याच्या सुरुवातीला उपासमार, आणि मग अचानक भरपूर अन्न. शरीर भराभर वाढून मागची कसर भरून काढतं, आणि त्या घाईत वयात येण्याचा सिग्नलही लवकर उतरतो, असं संशोधक मानतात. त्यात अनेक मुली उंचीनं बुटक्या राहिल्या.

हे स्वीडनचं झालं, पण आपल्या पुण्यातही याच्याशी जुळणारं काम झालं आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि बाळांचा पिढ्यान्‌पिढ्या अभ्यास केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं दिसायला किडकिडीत, पण त्यांच्यात मांस कमी आणि त्या मानानं चरबी जास्त. डॉक्टर याज्ञिकांनी यावरूनच पुढे मधुमेहाचं कोडं उलगडायचा प्रयत्न केला. जन्मतः लहान आणि मग भराभर वजन वाढलेल्या मुली लवकर वयात येतात, असं इतरत्र पाहण्यात दिसलं आहे. आपण दिल्लीकर चाकरमाने याच वळणावर उभे आहोत. आजी दुष्काळात वाढली, आई काटकसरीत, आणि नात मॉलमध्ये. "पोरगी बारीक आहे, खा गं खा" म्हणून आपण पाचव्या वर्षापर्यंत तिला भरवत सुटतो. तिथं जरा थांबून विचार करायला हवा.

रसायनांचाही संशय आहे. प्लास्टिकमधली बीपीए, थॅलेट यांसारखी काही रसायनं शरीरात हार्मोनची नक्कल करतात किंवा त्यांच्या कामात ढवळाढवळ करतात. प्रयोगशाळेत हे दिसतं. माणसांत यामुळे वय किती उतरलं, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. पण गरम भाजी प्लास्टिकच्या डब्यात न भरणं आणि प्लास्टिक मायक्रोवेव्हमध्ये न ठेवणं याला काही खर्च येत नाही. स्टीलचा डबा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेच.

लॉकडाऊनची एक गोष्ट सांगतो. २०२० मध्ये इटलीतल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की अकाली वयात आल्याच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या मुली एकदम वाढल्या. पुण्याच्या बालरोगतज्ज्ञांनीही आपल्याकडच्या नोंदी पाहून २०२२ मध्ये तेच लिहिलं. घरात कोंडलेली मुलं, वाढलेलं वजन, बिघडलेली झोप, मोबाइलचा पडदा, घरातला ताण, यांतलं नेमकं कोणतं कारण मोठं, ते ठरलेलं नाही. पण इतक्या थोड्या दिवसांत आकडा हलतो, म्हणजे राहणीमानाचा हात यात आहे हे नक्की.

आता आपल्या दिल्लीतला लाडका आरोपी : दूध. म्हशींना ऑक्सिटोसिनची सुई देतात म्हणून मुली लवकर मोठ्या होतात, हे मी शंभर वेळा ऐकलं आहे. जनावराला ती सुई देणं क्रूरच आहे, त्याचं समर्थन नाही. पण ऑक्सिटोसिन हा वयात आणणारा हार्मोन नव्हे, आणि पोटात गेला तर अन्नातल्या प्रथिनासारखा पचून जातो. ब्रॉयलर कोंबडी दीड महिन्यात वाढते ती जातीमुळे आणि खाद्यामुळे. दुधाच्या भीतीनं मुलीचं दूध बंद करून तिला बाटलीतलं सरबत देणारी घरं मी पाहिली आहेत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

मग काळजी कधी करायची? आठ वर्षांच्या आत छातीची वाढ दिसली, किंवा दहाच्या आत पाळी आली, तर बालरोगतज्ज्ञांकडे जावं, शक्यतो हार्मोनच्या तज्ज्ञांकडे. ते मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय पाहतात, रक्त तपासतात, क्वचित मेंदूचा स्कॅन करतात, कारण थोड्या मुलींत आत एखादा आजार असू शकतो. गरज असेल तर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी इंजेक्शन देऊन सिग्नल पुन्हा लाल करता येतो. सगळ्यांना ते लागत नाही, पण वेळ दवडू नये. इस्ट्रोजेनमुळे हाडांची टोकं लवकर जुळतात आणि उंची थांबते. पाळी सुरू झाल्यावर मुलगी साधारण पाच ते सात सेंटिमीटरच वाढते. मुलांच्या बाबतीत ही सीमा नऊ वर्षांची आहे, तेही लक्षात असू द्या. लांबचा धोकाही थोडा आहे. पाळी एक वर्ष लवकर आली तर पुढे स्तनाच्या कर्करोगाची शक्यता सुमारे पाच टक्क्यांनी वाढते, असं २०१२ च्या एका मोठ्या अभ्यासात आढळलं. घाबरण्याइतकं हे मोठं नाही, पण विसरण्याइतकं लहानही नाही.

पण माझ्या मते सर्वांत मोठा धोका शरीरातला नाही, आपल्या नजरेतला आहे. गाडी बिफोर टाइम आली तर आपण तिला होम सिग्नलला उभी करतो, प्लॅटफॉर्म मोकळा होईपर्यंत. शरीराची गाडी तशी सहसा थांबत नाही. मग आपण काय करतो? ती पोर नऊ वर्षांची, बाहुल्या खेळणारी, आणि आपण म्हणतो, "आता मोठी झालीस. सायकल बंद. मुलांबरोबर खेळणं बंद. खाली बघून चाल." शरीर पुढं गेलं म्हणून मन पुढं जात नाही. मेंदूची वाढ तर विशीच्या पुढेही चालू असते. नऊ वर्षांची मुलगी नऊच वर्षांची असते, तिला पाळी आलेली असो वा नसो.

ही नुसती भावनेची गोष्ट नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. बीडसारख्या जिल्ह्यांतली कुटुंबं सहा-सहा महिने ऊसतोडीला जातात. मुलगी वयात आली की तिला मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून उरकून टाकतात. वयात येणं जितकं अलीकडे, तितकी ही घाई अलीकडे. कायदा १८९१ मध्ये बारावर आला, १९२९ च्या शारदा कायद्यानं मुलीच्या लग्नाचं वय चौदा केलं, १९७८ मध्ये ते अठरा झालं. प्रत्येक वेळी कायदा एकच गोष्ट सांगत आला : शरीराची खूण म्हणजे मोठेपण नव्हे. रखमाबाई तुरुंगात जायला तयार झाल्या त्या याच गोष्टीसाठी. एकीकडे शरीराचं वय खाली येतं आहे, दुसरीकडे शिक्षण-नोकरीमुळे खरं मोठेपण वर सरकतं आहे. मधलं अंतर वाढत चाललं आहे, आणि त्या अंतरात आपल्या मुली एकट्या उभ्या आहेत.

म्हणून शेवटी काही हात जोडून विनंत्या.

मुलीला आठ वर्षांची व्हायच्या आत सांगा. शाळेत डाग पाहून ती "मला काहीतरी आजार झाला" म्हणून रडू नये. तिच्या दप्तरात एक छोटी पिशवी असू द्या, आणि शाळेत कोणत्या बाईंकडे जायचं तेही ठरलेलं असू द्या.

हे काम एकट्या आईवर टाकू नका. दुकानातून पॅड आणायला बापाला लाज वाटण्याचं कारण नाही. काळ्या पिशवीत गुंडाळून तर मुळीच आणू नका, त्यातून पोर काय शिकते ते ओळखा.

तिला मैदानावर पाठवा, वेळेवर झोपवा, घरचं खाऊ घाला. मात्र वजनावरून टोचू नका, आणि तिला उपाशी ठेवण्याचे उद्योग करू नका. चार बायकांत "बाई बाई, केवढी मोठी दिसते" हे वाक्य तेवढं बंद करा.

घरातल्या मुलग्यांनाही सांगा. ज्याला माहीत असतं तो चिडवत नाही.

आणि मंडळाला एक सूचना. मांडवामागच्या स्वच्छतागृहात पुढच्या वर्षीपासून पॅडचा एक डबा आणि झाकणाची कचरापेटी ठेवावी, खर्च अगदी किरकोळ आहे. आरतीला मुलगी आली की नाही, का आली नाही, हे कुणी कुणाला विचारू नये. ज्यांच्या घरी जे पाळतात ते त्यांनी आपल्या घरी पाळावं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण नऊ वर्षांच्या पोरीला नाटुकल्यातून, समूहगीतातून काढून कोपऱ्यात बसवू नये, एवढं या मांडवापुरतं आपण ठरवू शकतो.

एक-दोन दिवसांत गौरी येतील. आपण त्यांना पावलं काढून, वाजत गाजत आत घेऊ, त्या कधी आल्या म्हणून कुरकुर करणार नाही. आपल्या पोरींचं वयात येणंही थोडं लवकर झालं तरी तसंच स्वागताचं असू द्या, आणि त्यांचं बालपण त्यांच्याकडेच राहू द्या.

 गणपती बाप्पा मोरया!